गुळव्याच्या पोरीची जीभ

आमच्या मंडळात एकालाही वाईन कळत नव्हती, आणि सगळ्यात कमी मला कळत होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगायला मग जरा बळ येईल.

मंडळ म्हणजे सहा-सात माणसं. फौंड्रीचे एक मालक, एक डेंटिस्ट, दोघं-तिघं बांधकामवाले, एक वकील आणि मी. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मालकांच्या पन्हाळा रोडवरच्या फार्महाऊसवर जमायचं, तीन-चार बाटल्या उघडायच्या, ग्लास फिरवायचे, हुंगायचे, आणि मग तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा. ही माणसं आधी व्हिस्की प्यायची आणि सुखात होती. पण हातात पैसा आला, आणि व्हिस्की तर आपला ड्रायव्हरही पितो, ही गोष्ट त्यांना टोचायला लागली. वाईन सुरू झाली ती अशी. कुणाला आवडत नव्हती. डेंटिस्ट तर घरी जाऊन गुपचूप सोड्याची गोळी घ्यायचे. पण बंद करायची कुणाची छाती नव्हती.

मला त्यांनी घेतलं ते कारण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि एकदा नाशिककडे तीन दिवसांची कार्यशाळा करून आलो होतो. तिथं मला एक प्रमाणपत्र मिळालं आणि वासांचं एक रंगीत चाक मिळालं. चाकावर चेरी, चामडं, व्हॅनिला, तंबाखू, ओलं जंगल असं काय काय छापलेलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी कोल्हापुरात तज्ज्ञ झालो. मला सगळे 'सर' म्हणायचे. तसे विद्यार्थीही म्हणतात, पण त्यांना म्हणावंच लागतं.

आता खरी गोष्ट. मला वास येत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, ब्रोमीन यांच्या वाफा खाऊन माझं नाक कामातून गेलंय. सायनसचं ऑपरेशन दोनदा झालं, उपयोग शून्य. दूध नासलंय का हे मला विचारायची घरात पद्धत नाही. शेजारच्यांचा गॅस गळत होता तेव्हा सगळी बिल्डिंग खाली उतरली आणि मी वर पेपर तपासत बसलो होतो. खारट, आंबट, गोड, कडू, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पाणी.

असा माणूस चार वर्षं ग्लासात नाक खुपसून 'मागून येणारी चामड्याची छटा' सांगत होता. सांगत होता, कारण ते कळणारी जीभ माझ्या स्वयंपाकघरात होती.

माझी बायको गुळव्याची मुलगी. ज्यांना गुऱ्हाळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, वर मळी येते ती काढायची असते, आणि रस नेमक्या कुठल्या क्षणी उतरवायचा हे एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. दोन मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो, आणि हात वर करतो. हात वर झाला की चौघं धावत काहील उचलतात. माझे सासरे असे चाळीस हंगाम हात वर करत आले. पण त्यांची जीभ तंबाखूनं लवकर गेली होती. आणि ते ही गोष्ट लपवत नव्हते. ऊसवाले मालक समोर उभे असताना, चारचौघांत ते म्हणायचे, "माझी जीभ मेली पावणं. थांबा, पोरगी बघू दे." मग सात-आठ वर्षांची ही पुढं यायची, गार झालेल्या खरवडीचा तुकडा तोंडात टाकायची आणि सांगायची, खारवट रानातला ऊस हाय, किंवा मळी वर आणायला घातलेली भेंडी जास्त झाली. आणि सासरे, म्हणजे तिचे बापू, मालकांकडं बघून म्हणायचे, "ऐकलं न्हवं?"

हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी हसलो होतो. मी मंगळवार पेठेतला, मास्तराचा मुलगा. सासुरवाडीला गेलो की मी नाकाला रुमाल लावायचो. त्या वेळी नाक चांगलं होतं माझं. बायको 'मी येतो', 'मी करतो' असं बोलायची, आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं, आणि मी पाहुण्यांसमोर तिला डोळ्यांनी दटावायचो.

तर कार्यशाळेहून आल्यावर मी पहिली बाटली घरी उघडली, अभ्यास म्हणून. ग्लास फिरवत बसलो होतो. फिरवणं मला छान जमायचं. ही दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. म्हणाली, "अवो, त्या बाटलीत गोणपाट कुजलंय काय?"

"गोणपाट?"

"भिजलेलं. पावसात भिजून तसंच कोपऱ्यात पडलेलं."

मी पुस्तक काढलं. बुचाचा दोष असला की वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, ओल्या तागाचा वास येतो, असं त्यात लिहिलेलं होतं. मी पुस्तक मिटलं. तिला काही बोललो नाही. रविवारी त्याच जातीची दुसरी बाटली नेण्याऐवजी मुद्दाम तीच परत बूच लावून नेली, सगळ्यांसमोर हुंगली, डोळे मिटले आणि म्हणालो, "दोष आहे. ओल्या तागाचा वास येतोय." डेंटिस्टांनी हुंगलं. "व्हय की!" मग वकिलांनाही तो आला, बांधकामवाल्यांनाही आला. मालक म्हणाले, "सर, तुमी म्हंजे लई खोल माणूस." त्या दिवशी माझी गादी पक्की झाली.

त्यानंतर आमचा नेम ठरला. शुक्रवारी माझे तास दुपारी दोनला संपायचे. घरी येऊन मी रविवारच्या बाटल्यांतलं थोडं थोडं स्टीलच्या वाट्यांत काढायचो, बुचं परत लावायचो आणि वाट्या ओट्यावर ठेवायचो. ती पदर खोचून यायची, चमच्यानं अर्धा घोट घ्यायची, डोळे मिटायची, सिंकमध्ये थुंकायची, आणि सांगायची. मी वहीत लिहून घ्यायचो. "ही चपलांच्या दुकानात शिरल्यावर येतो तसली." मी लिहायचो, चामडं. "जुनी चिंच, मीठ घालून ठेवलेली." मी रविवारी सांगायचो, टॅमरिंड नोट्स. "पेटीतल्या शालूचा वास, डांबराच्या गोळ्या काढून टाकल्यावरचा." याचं काय करावं मला कळायचं नाही, मी चाकावर बोट फिरवून जवळपासचं काहीतरी शोधायचो.

तिला ते आवडायचं. हे मी तेव्हाही बघत होतो. चव सापडली की ती ओट्यावर बोटानं टकटक करायची. कधी शब्द मिळत नसला की "थांबा, थांबा की, येतंय," म्हणत मान हलवत राहायची, आणि मी पेन धरून थांबायचो. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं, ते या शुक्रवारच्या अर्ध्या तासांत. तेवढंच.

मी ते शब्द कुणाचे म्हणून सांगत होतो, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बायका तिकडे फारशा यायच्या नाहीत, त्यामुळे भानगड नव्हती.

मग तो एप्रिल आला. मालकांच्या मनात आलं की या खेपेला सहकुटुंब जमायचं. मी बाटल्या आणायला दुकानात गेलो. दुकानदारानं नेहमीच्या काढल्या आणि मागून एक धूळ पुसत पुढं सरकवली. "ही बी घेऊन जावा सर. कोण न्हेत न्हाय. स्वस्तात लावतो."

लेबलवर द्राक्षाचं नाव होतं, सिन्सो. मी ऐकलेलं नव्हतं. कार्यशाळेतही ते कधी निघालं नव्हतं. बाटली उजेडात धरली तर आरपार दिसत होतं, पातळ कोकमासारखा रंग. किंमत एवढी कमी की मटणाच्या दोन ताटांत बाटली यावी. मी घेतली ती मनात हसतच. म्हटलं, रविवारी झोडपायला काहीतरी हवंच असतं. तज्ज्ञाला अधूनमधून एखादी बाटली ठार मारावी लागते, नाहीतर लोकांचा विश्वास बसत नाही.

शुक्रवारी तिनं ती चाखली आणि तोंड वाकडं केलं. "ही अशी नको. गरम हाय. नुसतं स्पिरिट नाकात जातंय." माझं बाटल्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, एप्रिलात भिंत हात लावू देत नाही. तिनं मला न विचारता बाटली फ्रिजच्या दारात ठेवली.

मी म्हणालो, "तांबडी वाईन गार करायची नसते. रूम टेम्परेचरला प्यायची, असा नियम आहे."

"कुठल्या रूमचं?" तिनं विचारलं.

नियम कार्यशाळेतल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात होता. तो ज्या देशातून आला, तिथल्या खोल्यांत माणसं स्वेटर घालून बसतात, हे रसायनशास्त्राच्या मास्तराला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. उलट हाच नियम मी मंडळाला पहिल्या दिवशी शिकवला होता. मालकांच्या गड्यानं एकदा बाटल्या बर्फाच्या टबात ठेवल्या तर मी त्याला चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून मंडळात तांबडी वाईन गार करणं म्हणजे अडाणीपणा, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पाऊण तासानं तिनं बाटली काढली, वाटीत ओतली, घोट घेतला. यावेळी थुंकली नाही. गिळला. मी पहिल्यांदाच बघत होतो तिला गिळताना. बोटं ओट्यावर वाजायला लागली.

"आता बोलाय लागली बघा."

"काय म्हणते?"

"आंबगुळं." ती हसली. "लहानपणी मामाकडं जायचो शाहूवाडीला. डोंगरात उन्हाळ्यात झाडावर लाल लाल, टपोरी. आंबट, पण दात आंबत न्हाईत. तसली. आन् मागनं गुलकंद, पण साखरेचा न्हवं, नुसत्या पाकळीचा." पुन्हा एक घोट. "ही मळी काढलेल्या रसावानी हाय. हलकी. त्या तुमच्या जाड बाटल्या तांबड्या रश्श्याबरोबर भांडत्यात. ही ऐकून घेती. जेवताना हीच पायजे."

मी लिहून घेतलं. आणि मग मीही एक घोट घेतला. मला लागलं ते गार, थोडं आंबट, आणि गुळगुळीत. चांगलं लागलं. माझ्या असल्या मेलेल्या तोंडालाही चांगलं लागलं. हे विसरता येत नाही, म्हणून लिहितोय.

रविवारी गाडीत तिनं विचारलं, "ती बर्फात ठिवायची न्हवं?"

"तिथं तू काही बोलू नकोस," मी म्हणालो.

दुपारचे साडेबारा. मालकांचा व्हरांडा पत्र्याचा. टेबलावर बाटल्या रांगेनं उभ्या, अकरापासून उन्हाच्या तिरिपीत. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये मटणाचं पातेलं. मी सिन्सो उघडली. ग्लासात ओतली तेव्हा काच गरम लागली हाताला.

मालकांनी ग्लास वर धरला. "सर, ही वाईन हाय का सरबत? पल्याडचं माझं शेत दिसतंय हिच्यातनं." सगळे हसले. "नाव काय म्हणला? सिन्सो? सर्दीचं औषध वाटतंय." पुन्हा हसले. त्यांनी घोट घेतला आणि तोंड पुसलं. "पाणी. वर जरा स्पिरिट मारल्यालं पाणी. कितीला आणली?" मी किंमत सांगितली. "मग बरोबर हाय की! येवढ्यात दुसरं काय मिळणार?"

डेंटिस्ट म्हणाले, "बॉडीच नाही." वाईनच्या जाडपणाला हा शब्द मीच त्यांना शिकवला होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निकाल मी द्यायचा असे. आणि मला निकाल माहीत होता. शुक्रवारी तो माझ्या घशाखाली उतरला होता. मी एवढंच म्हणायचं होतं, अर्धा तास बर्फात ठेवा आणि मग बोलू. म्हटलं असतं तर नियम मोडला असता. नियम माझा होता. दुसरं माझ्याकडे होतं काय?

माझी गाडी अडकलीय हे तिनं ओळखलं असावं. तिला वाटलं, मदत करावी. खरंच तेवढंच वाटलं असणार. ती बायकांच्या बाजूनं पुढं झाली आणि म्हणाली, "मालक, जरा गार करून बघा की. गरम असताना चव कळत न्हाय. आमचे बापू गरम गुळाला जीभ लावू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, गरम गूळ सगळाच गोड लागतोय, निवला की खोट कळती. हिचं उलटं हाय बघा. गरम असली की खोटी लागती, निवली की खरी."

मालक म्हणाले, "वयनी, ही वाईन हाय. गुऱ्हाळातली काकवी न्हवं." आणि हसण्याचा फवारा. वकिलांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

आणि मग मी बोललो. शब्द जसेच्या तसे लिहितो. "जाऊ द्या हो. गुळव्याची पोर आहे ती. तिला गोड आणि कडू, एवढंच कळतं."

लोक आणखी हसले. मला वाटलं, सुटलो. अंगात जोर आला. मी ग्लास उचलला, पातळपणावर, स्वस्त द्राक्षांवर, रंगाच्या फिकेपणावर पाच मिनिटं बोललो, आणि शेवटी उरलेली वाईन व्हरांड्याखालच्या चिकूच्या बुंध्यात ओतली. मालकांनी टाळी दिली.

पण माझं खरं नीचपण याच्या पुढं आहे. दुसरी बाटली उघडली, जाड, काळपट, महाग. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि सांगायला लागलो. चामडं. मीठ घातलेली जुनी चिंच. बंद पेटी उघडल्यावरचा रेशमाचा वास. एकेक शब्द शुक्रवारचा, तिचा, वहीतून पाठ केलेला. ती चार पावलांवर उभी होती. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. चार वर्षांत तिनं मला हे म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी वाट बघत होतो. आता ही बोलेल. एक वाक्य पुरे होतं तिला. 'हे तर मी सांगितलेलं.' माझ्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ती वळली आणि पातेल्याजवळ जाऊन बसली. मालकांच्या बायकोला म्हणाली, "रस्सा चांगला झालाय. पण खोबरं जरा जास्त भाजलंय." मालकांची बायको म्हणाली, "व्हय गं, मला बी वाटालतं."

परत येताना गाडीत मी रेडिओ लावला.

पुढच्या शुक्रवारी मी वाट्या मांडल्या. ती बाहेर कपडे वाळत घालत होती. हाक मारली. आली, वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मला गोड आन् कडू, येवढंच कळतंय." रागानं नाही. बाजारात भाव सांगावा तसं. वाट्या उचलल्या, सिंकमध्ये ओतल्या, घासून पालथ्या घातल्या.

मी घाबरलो. आता काय सांगणार? त्या रविवारी मी मनाला येईल ते सांगितलं. चाकावरचे शब्द उलटसुलट केले. एका बाटलीत मला चर्चमधल्या जुन्या लाकडाचा वास आला. मी उभ्या जन्मात चर्चमध्ये गेलेलो नाही. सगळ्यांनी मान डोलावली. डेंटिस्ट म्हणाले, "अगदी, अगदी. लाकूडच." पुढच्या महिन्यात मला पेन्सिलीचा भुगा, स्लेट आणि 'बंदरावरची संध्याकाळ' यांचा वास आला. कुणाला काही फरक कळला नाही. तिच्या खऱ्या शब्दांना आणि माझ्या थापांना तेच व्हय-व्हय, तीच टाळी. ज्या माणसांपुढं मी तिची लाज काढली, त्यांना भिजलेलं गोणपाट आणि बंदरावरची संध्याकाळ एकच होती. निदान शहाण्या माणसांसमोर पाजी ठरलो असतो, तर थोडी तरी अब्रू राहिली असती.

असं दीड-दोन वर्षं चाललं. घरात काही बदललं नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. फक्त ती आमटीची चव मला विचारायला लागली. "मीठ बघा जरा," म्हणून पळी पुढं करायची. आधी कधी तिला विचारावं लागलं नव्हतं. मी बघायचो आणि सांगायचो, ठीक आहे. एकदा खारट झालेली असतानाही सांगितलं.

मग डेंटिस्ट युरोपची सहल करून आले. बरोबर नवीन ज्ञान घेऊन. हलकी तांबडी वाईन गार करून प्यायची असते! तिकडे सगळे तसंच पितात! पुढच्या रविवारी व्हरांड्यात चांदीच्या मुलाम्याचं बर्फाचं भांडं आलं, हुपरीहून मुद्दाम घडवून आणलेलं. आणि त्यात कोण? सिन्सो. तीच, तशीच फिकी. मालकांनी घोट घेतला आणि मांडीवर थाप मारली. "वा! फस्क्लास! अगदी जेवणाची हाय बघा ही!" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, तुमी तवाच सांगितल्यालं की. ह्याच व्हरांड्यात. गार करा म्हणून. आमीच येडे, ऐकलं न्हाय."

त्यांना खरंच तसं आठवत होतं. कुणीतरी म्हणालेलं आठवत होतं, आणि असं म्हणणारा माणूस सरांशिवाय दुसरा कोण असणार.

मी फक्त हसलो असतो तरी ते माझंच झालं असतं. कुणी काही विचारलं नसतं. पण त्या वेळी चिकूच्या बुंध्याकडे नजर गेली, आणि मी म्हणालो, "मी नव्हतो. माझी बायको म्हणाली होती. मी तिला गप्प केलं."

"असं व्हय?" मालक म्हणाले.

"आणि त्या दिवसापर्यंत जे जे मी तुम्हाला सांगितलं, ते सगळं तिचं होतं. मला वास येत नाही. गेली दीड-दोन वर्षं मी तुम्हाला थापा मारतोय."

वकील हसायला लागले. मग डेंटिस्ट. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "सर म्हंजे सर! आज दोन ग्लासातच चढली! अवो, वासच येत न्हाय तर बंदरावरची संध्याकाळ कुटनं आली?" त्यांनी पाठीवर थाप मारली आणि माझा ग्लास भरला. मी पुन्हा सांगितलं. आणखी हसले. वीस मिनिटांनी मी चप्पल घालून निघालो. गेटपर्यंत हसणं ऐकू येत होतं. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. त्यांचं काही अडलेलं नाही. आता डेंटिस्ट सांगतात, आणि सगळ्यांना येतो तो वास.

परतताना दुकानातून एक सिन्सो घेतली. दुकानदार म्हणाला, "आता लई चालत्या ही." घरी येऊन फ्रिजच्या दारात ठेवली. पाऊण तास मोजून बसलो. बायको भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला सगळं सांगितलं, काय बोललो, कसं बोललो. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"हसली आसतील."

"हो."

"हसणारच."

मी म्हणालो, "मी तुझे शब्द चोरले. आणि तुला त्यांच्यासमोर..." एवढ्या वर्षांत तिची माफी मागायचा प्रसंग आला नव्हता असं नाही, सवय नव्हती.

"बापू गेले त्या साली," ती म्हणाली, "गुऱ्हाळावर कोण कोण आल्तं. परत्येकजण मला म्हणत हुता, तूच ती पोरगी न्हवं, चव सांगणारी? बापूंनी सगळ्यास्नी सांगितल्यालं." एवढं म्हणून तिनं सुपातली टरफलं झटकली.

मी बाटली काढली, उघडली, स्टीलची वाटी ओट्यावर ठेवली, चमचा ठेवला. वही काढली नाही. ती आली. वाटीकडे बघितलं आणि बाजूला सारली. कपाटातून माझा लांब दांड्याचा काचेचा ग्लास काढला, ज्याला मी कुणाला हात लावू देत नव्हतो, आणि चांगला अर्धा भरून घेतला. घोट घेतला. डोळे मिटले. बोटं ओट्यावर वाजली, एकदा, दोनदा.

"काय म्हणते?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. "कळली."

"काय कळली?"

"तुमाला न्हाय सांगत."

आणि ग्लास घेऊन ती गॅलरीत गेली. थोड्या वेळानं फोनवर बोलणं ऐकू आलं, शाहूवाडीच्या मामेबहिणीशी. आंबगुळं एवढा एकच शब्द मला इकडे कळला. बाकी ती हळू बोलत होती, आणि मध्येच दोघी हसत होत्या. मी वाटीत थोडी ओतून प्यालो. गार होती. आंबट होती.